दिवस हाय, माय

राजुलबाई आडावर आल्या की चौसाळ्याच्या बायका आपापल्या घागरी उचलून बाजूला होत. मान द्यायचा म्हणून नव्हे. त्यांच्या पाण्याला वेळ लागे म्हणून. आधी पोहऱ्यानं पाणी शेंदायचं, ते दुहेरी जाड कापडातून हंड्यात गाळायचं, मग कापड उलटं करून गाळल्या पाण्यानं अलगद धुवायचं, आणि ते धुवण लहान बादलीत घेऊन पुन्हा त्याच आडात सोडायचं. त्यातही वरून ओतायचं नाही. त्यांच्या बादलीच्या बुडाला एक कडी होती. बादली खाली पाण्याला टेकली की दोराला झटका द्यायचा आणि ती पाण्यावरच पालथी व्हायची. कापडात अडकलेला जीव जिथला तिथं जावा, त्याला उंचावरून आपटू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. जैनांच्या घरात त्या धुवणाला जिवाणी म्हणतात.

शेजारच्या किराणा दुकानाची शिवम्मा वाणीण गळ्यातलं लिंग सावरत हसायची.

"सरका गं बायांनो. राजुलबाई लेकींना माहेरी पोचवायला निघाल्यात."

"हास तू. सकाळपासून तुझ्या पोटात त्यातल्या किती लेकी नांदायला गेल्या, ते मोज आधी."

आडावर हसू उसळे. पण राजुलबाईंचा दोर तोवर हललेला नसे. बादली पालथी झाली, दोर हलका लागला, की मगच त्या मान वर करीत.

पहिला नेम घेतला तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. माहेर पालीचं, बीडपासून जवळ. पर्युषणात आईबरोबर देवळात गेल्या आणि सगळ्या बायका काही ना काही सोडतायत हे बघून म्हणाल्या, मी वांगं सोडते. वर्षभरासाठी. वांगं ही त्यांची सगळ्यात आवडती भाजी. वडिलांना वाटलं, पोर आहे, चार दिवसांत विसरेल. पोर विसरली नाही. पुढच्या पर्युषणात वर्ष संपलं तेव्हा आईनं मुद्दाम भरली वांगी केली, तर ही म्हणाली, "आता चव आठवत न्हाई. राहू दे."

नवव्या वर्षी लग्न होऊन त्या चौसाळ्याला आल्या, नेमाजींच्या घरी. घर सैतवाळ जैनांचं, धंदा कापडाचा. एकेक नेम वाढत गेला. कंदमूळ गेलं, मध गेला. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी बंद झाली, रविवारी मीठ बंद झालं. कुणी विचारलं, "कावून एवढं मागं लावून घेतलं?" तर त्या म्हणत, "शेताला बांध लागतो, मग माणसाला नको का?" यापलीकडे त्यांनी कधी कुणाला उपदेश केला नाही. मात्र सगळ्या नेमांत त्यांना जिवापाड होता तो एकच, दिवस मावळायच्या आत जेवण. मावळायच्या दोन घटका आधी चूळ भरून तोंड बंद. मग सूर्य पुन्हा वर येईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. उन्हाळ्यात ओठ फुटत, तापात जीभ टाळ्याला चिकटे, तरी नाही.

या नेमापायी त्यांनी एकदा सुनेच्या माहेराला कायमचं दुखावलं. पासोबा हा त्यांचा एकुलता मुलगा. त्याच्या लग्नात वऱ्हाडाच्या गाड्या उशिरा पोचल्या, लग्न लांबलं, आणि संध्याकाळच्या पंगतीची पानं मांडेपर्यंत सूर्य टेकडीला टेकला. व्याही जैनच होते, त्यांना कळत होतं, पण शे-दीडशे माणसं बसलेली. ते कसनुसं म्हणाले, "विहीणबाई, अजून थोडं ऊन हाय." राजुलबाईंनी पश्चिमेकडे पाहिलं, पानाला नमस्कार केला आणि उठल्या. "माझं पोट भरलंय. तुमी सावकाश होऊ द्या." वरमाय उठली तशा मागोमाग चाळीस-पन्नास बाया उठल्या. वाढलेल्या पानांवर माश्या बसल्या. नवरी बायनाबाई तेव्हा बारा वर्षांची. तिनं मंडपाच्या खांबाआडून बापाचं तोंड पाहिलं, आणि ते ती पुढं कधी विसरली नाही.

नेमाजी वारले तेव्हा पासोबा बावीस वर्षांचा होता. दुकान त्यानं नेटानं सांभाळलं. गोड बोलणारा, उंचापुरा, आईवर जीव असलेला. बाजाराच्या दिवशी गिऱ्हाइकांची झुंबड असली तरी मावळतीआधी धावत घरी येऊन आईबरोबर जेवायचा. गावात लोक म्हणत, राजुलबाईंनी पोटी श्रावणबाळ आणलाय.

पन्नाशी उलटली आणि राजुलबाईंच्या डोळ्यांवर सारा, मोतीबिंदूचा पडदा, आला. आधी दिव्याभोवती कडी दिसू लागली, मग माणसं धुरातून आल्यासारखी. एक फिरता वैदू आला, त्यानं डोळ्यात सुई घालून पडदा खाली पाडला. पंधरा दिवस उजव्या डोळ्याला लख्ख दिसलं. मग डोळा सुजला, पिकला, आणि दुसऱ्यालाही घेऊन गेला. हे १९२२ सालच्या दिवाळीतलं.

आडावर जाणं सुटलं. पाणी बायना गाळू लागली. पहिले काही महिने राजुलबाई रोज विचारीत, "जिवाणी सोडली का गं?" आणि बायना म्हणे, "सोडली, आत्याबाई." बादलीच्या कडीचा आवाज त्यांच्या कानांच्या ओळखीचा होता. तो कधी ऐकू येई, कधी येत नसे. जेव्हा येत नसे तेव्हा त्या मनाशी म्हणत, वारा उलटा असेल.

पण संध्याकाळचं काय? दिवस किती उरला हे बघायचं कुणी? चैत्रात पासोबानं गाडी जुंपली आणि आईला कुंथलगिरीच्या जैन तीर्थाला नेलं. डोंगरावर त्या वेळी एक वृद्ध ब्रह्मचारी येऊन राहिले होते. राजुलबाईंनी त्यांच्यापुढं बसून सगळं सांगितलं.

"महाराज, डोळे गेले. आता हा नेम मी कुणाच्या भरवशावर पाळू? चुकून एखादा घास अंधारात गेला तर?"

ब्रह्मचारी म्हणाले, "बाई, मग एकवेळच जेवा. भर दुपारी. शंकेला जागाच राहणार नाही."

राजुलबाईंना ते पटलं. त्या हात जोडणार, एवढ्यात पासोबा पुढं झाला.

"नको महाराज. माय आधीच वाळलीय. एकवेळ जेवून ती दोन वरसं बी टिकायची न्हाई. मी सांगीन तिला दिवस. रोज तिच्याजवळ बसून सांगीन. मी सांगितल्याबिगर तिनं घास उचलायचा न्हाई."

"हा तुझाही नेम होईल, बाळ. तिचा जेवणाचा, तुझा वाणीचा. झेपेल?"

"झेपंल."

देवाच्या साक्षीनं, गुरूच्या साक्षीनं, स्वतःच्या आत्म्याच्या साक्षीनं दोघांनी नेम घेतला. उतरताना पासोबानं आईला पायरी पायरी सांगत खाली आणलं. राजुलबाई वाटेत रडल्या. डोळे गेल्यावर पहिल्यांदाच, आणि सुखानं.

तेव्हापासून घरात एक रीत पडली. ताट वाढलं जाई, पासोबा शेजारी पाटावर बसे, दाराबाहेर नजर टाके आणि म्हणे, "दिवस हाय, माय." मग राजुलबाई घास उचलीत. त्यांची बसायची जागा पुढच्या सोप्यात होती. जेवून, चूळ भरून त्या बसल्या की थोड्या वेळानं पलीकडच्या मशिदीतून मगरिबची बांग येई. बांग ऐकली की त्या म्हणत, "बरोबर. दोन घटका झाल्या." बांग देणाऱ्याला काय ठाऊक, की गल्लीतली एक आंधळी जैनाची बाई रोज त्याच्या आवाजावर आपला हिशेब ताडून पाहते!

मात्र दुकान वाढलं होतं. पासोबाला काही दिवस उशीर होई. मग ताट तसंच राही. बांग कानावर पडली की राजुलबाई शांतपणे म्हणत, "ने गं, झाकून ठेव," आणि उपाशी निजत. आठवड्यात दोनदा, कधी तीनदा. बायना चडफडे. "मी सांगते ना आत्याबाई, दिवस हाय. माझे काय डोळे फुटलेत?" त्यावर राजुलबाई म्हणत, "तू नेम घेतला न्हाईस, बाळा. तुझ्यावर कशाला ओझं?" त्या हे मायेनं म्हणत. बायनाला ते तसं ऐकू येत नसे.

श्रावणात झड लागली, राजुलबाईंना ताप आला. उठल्या तेव्हा त्यांचं अंथरूण मागच्या खोलीत गेलेलं होतं. जाड भिंतींची, पूर्वी कापडाचे गठ्ठे ठेवायची ती खोली. तिला खिडकी नव्हती, उंचावर एक झरोका तेवढा.

"पुढं वारा लागतो, माय," पासोबा म्हणाला. "हितं ऊब हाय. जेवण बी हितंच आणू."

"हितं बांग ऐकू येत न्हाई रे."

"मी हाय ना."

राजुलबाईंना स्वतःचीच लाज वाटली. पोटच्या पोराच्या शब्दाला परक्याच्या बांगेची साक्ष कशाला लागते?

त्यानंतर उपास थांबले. पासोबा रोज वेळेवर येऊ लागला. राजुलबाईंच्या अंगावर थोडं मांस चढलं. दशलक्षण पर्वात देवळात बायका त्यांच्या पाया पडत. "डोळे न्हाईत, तरी नेम बघा कसा पाळलाय!" काही जणींनी तर रात्रीचं जेवण सोडायचा नेम त्यांच्याच हातून घेतला. राजुलबाई वरवर म्हणत, "माझं काय हाय त्यात, माझ्या लेकाचं हाय." पण आत कुठं तरी त्यांना ते गोड लागे. पुढं त्यांनी हेही कबूल केलं, की तेवढं गोड मी सोडलं नव्हतं.

क्षमावणीच्या दिवशी पासोबा पायावर डोकं ठेवी. "कळत नकळत काही चुकलं असंल तर माफ कर, माय." त्या डोक्यावर हात ठेवीत. "तुझं काय चुकणार, पासू?" अशा तीन क्षमावण्या गेल्या.

एकदा मार्गशीर्षात शिवम्मा भेटायला आली होती. राजुलबाई सहज म्हणाल्या, "आजकाल दिवस मोठे झालेत का गं? दुपारचं जेवण पचून पार भूक लागती, तरी पासू म्हणतो दिवस हाय."

शिवम्मा फस्सकन हसली. "मार्गशीर्षात दिवस मोठे? राजुलबाई, तुमी बी..." मग उगाच पदर झटकून म्हणाली, "म्हातारपणी दिवस मोठेच वाटत्यात, बाई. मला बी वाटत्यात."

एकदा जेवताना रॉकेलचा वास आला. बायना म्हणाली, "काल रातीच्या चिमणीचा हाय." राजुलबाईंनी मान हलवली. विश्वास ठेवायचाच असला की माणसाला कारणं कमी पडत नाहीत.

१९२६ चा पौष. थंडी मी म्हणत होती. बायनानं ताट वाढलं, ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, वाटीत तूप. पासोबा शेजारी बसला. पानाचा आणि अत्तराचा वास त्याच्या अंगाला येत होता. चावडीत गिरदावराच्या, महसूल अंमलदाराच्या, बैठकीत बसून येऊ लागल्यापासून तो वास रोजचा झाला होता.

"दिवस हाय, माय."

राजुलबाईंनी वरणात भाकरी कुस्करली, एक घास घेतला, आणि तांब्यासाठी उजवीकडे हात नेला. तांब्या रोज उजव्या गुडघ्यापाशी असे. बोटं कशाला तरी टेकली आणि चर्रकन भाजली. त्यांनी हात मागं ओढला. गुळगुळीत, गोल, तापलेलं. काच.

"हितं काय हाय?"

"दूध हाय, माय. गरम हाय, जपून."

"दूध काचेत ठेवतेत व्हय?"

बायनाच्या बांगड्या वाजल्या. पासोबा घाईनं म्हणाला, "आभाळ आलंय गं. अंधारून आलं, म्हणून बायनानं कंदील आणला. दिवस हाय, माय. खरंच हाय. जेव तू."

पौषात आभाळ. तेही खरं असू शकतं. राजुलबाईंच्या तोंडात घास तसाच होता. गिळवेना, थुंकवेना. त्या उठल्या. पासोबानं दंड धरला तो त्यांनी सोडवून घेतला. भिंतीला हात लावत त्या माजघरातून निघाल्या, सोपा ओलांडला, उंबरा पायानं चाचपला आणि ओट्यावर आल्या. तोंडावर गार वारा आला. ओट्याचा दगड बर्फासारखा होता. दिवसा तापलेल्या दगडाची ऊब त्यात कणभरही उरली नव्हती.

गल्लीतून बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. राजुलबाईंनी तोंडातला घास तळहातावर काढला.

"कोण हाय रं?"

"मी आश्रुबा, आज्जी. गाडी सोडाया चाललो. थंडीचं भाईर कावून आल्या?"

"आश्रुबा, दिवस मावळला का रं?"

आश्रुबा गाडीवान हसला. "दिवस? वर बगा की आज्जी, चांदण्यांचा सडा पडलाय." मग त्याच्या ध्यानात आलं. तो ओशाळून म्हणाला, "म्हंजी... मावळून लई येळ झाला. नमाज होऊन मानसं बी घरला गेली."

"बरं बाबा. जा तू. बैलांला पाणी दे."

घुंगरं लांब गेली. तळहातावरचा घास गार झाला होता. मागं उंबऱ्यात पासोबा येऊन उभा राहिल्याचं त्यांना अत्तरावरून कळलं.

"किती दिवस झाले, पासू?"

"माय, आत चल. थंडी हाय."

"किती दिवस?"

"लई दिवस." त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. "तू उपाशी निजायचीस, माय. माझ्यानं बघवंना. एक दिवस उशीर झाला, थोडासाच. म्हटलं, दिवस हाय. तू पोटभर जेवलीस. मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय..."

"आन् मग?"

"मग रोजचं झालं."

"तू तरी दिवसा जेवतोस का?"

अत्तराचा वास एक पाऊल मागं सरला.

"बरं," राजुलबाई म्हणाल्या. "एकच सांग. आता तरी खरं सांग. माझी खोली आधी बदललीस, का खोटं आधी बोललास?"

हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला नाही. विचारायची गरजच पडली नाही. पासोबाचा श्वास ऐकू येत होता, शेजारी शिवम्माच्या घरात कुणी खल-बत्त्यात काही कुटत होतं, आणि पासोबा गप्प उभा होता. उशीर झाला आणि मायेनं तोंडून खोटं गेलं, एवढंच असतं तर ते त्यांनी पदरात घेतलं असतं. पण आधी बांग भिंतीपलीकडे टाकून मग मुलानं तोंड उघडलं होतं. तेही नेम घेऊन चार महिनेच झाले होते तेव्हा.

आतून बायना म्हणाली, हळू पण स्पष्ट, "आत्याबाई, तुमच्या एका नेमापायी किती जणांनी ताटं सोडायची?" पासोबा तिच्यावर खेकसला. राजुलबाई म्हणाल्या, "तिला बोलू नको. ती कुठल्या देवाला शब्द देऊन आली नव्हती."

सकाळी शिवम्मा आली. आली ती बसलीच नाही, दारातच उभी राहिली.

"तुला ठाऊक होतं?" राजुलबाईंनी विचारलं.

"सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, बाई. तुमच्या झरोक्यातून उजेड पडायचा माझ्या परसात. रोज."

"आन् तू रोज माझ्याशी हसत बोलायचीस."

"मग काय करू? तुमच्या पोटात चार घास जाया लागले होते. हाडं दिसायची आधी. मी कशाला तोंड घालू मायलेकांत? लोक म्हनले असते, वाणिणीनं घर फोडलं." शिवम्मा रडू लागली. "आमी बी तुमचं चांगलंच बघितलं, राजुलबाई."

"व्हय," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनीच बघितलं. बघता येतंय तुमाला."

तीन दिवस राजुलबाईंनी अन्नपाणी घेतलं नाही. पासोबा दुकान बंद करून उंबऱ्यात बसून राहिला. कुंथलगिरीला जाऊ, ब्रह्मचाऱ्यांपुढं प्रायश्चित्त घेऊ, म्हणाला. त्या म्हणाल्या, "वाट कोण सांगणार मला? तूच?" ते ब्रह्मचारी केव्हाच दुसरीकडे निघून गेल्याचं त्याला ठाऊक होतं. तेवढं मात्र त्यानं सांगितलं.

चौदसीला शिवम्माच्या हाताला धरून त्या देवळात गेल्या. पूजा आटोपल्यावर उभं राहून म्हणाल्या, "माझा नेम तीन वरसांपासून मोडलेला होता. मला ठाऊक नव्हतं. ज्यांनी माझ्या हातून नेम घेतला, त्यांनी तो देवासमोर पुन्हा घ्यावा. माझा हात त्यात धरू नये." मुलाचं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. देवळातल्या निम्म्या बायकांनी माना खाली घातल्याचं त्यांना दिसलं नाही एवढंच.

त्याआधी, चौथ्या दिवशी, त्यांनी एक गोष्ट ठरवून टाकली होती. बायनाला म्हणाल्या, "माझा पाट अंगणात मांड. मधोमध. सावली पडंल असं काही नको जवळ." त्या डोकं उघडं टाकून बसल्या. वय झालेल्या विधवेनं असं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. थंडीचं ऊन हळूहळू वर चढलं. आधी कानशिलाला लागलं, मग कपाळाला, मग टाळूवर उतरलं. तेव्हा त्यांनी ताट मागितलं. हेच तर ब्रह्मचाऱ्यांनी सांगितलं होतं. मुलाच्या मायेपायी त्यांनी ते तेव्हा सोडून दिलं होतं.

"आता मला कुणाला इचारायचं न्हाई," त्या म्हणाल्या, आणि जेवल्या. एकदाच, त्या दिवशी आणि पुढचे सगळे दिवस.

राजुलबाई त्यानंतर नऊ वर्षं जगल्या. मुलगा म्हणाला होता दोन वर्षंही टिकायची नाही. तेही खोटंच ठरलं. घर त्यांनी सोडलं नाही, अबोला धरला नाही. नातवंडांच्या वेण्या घालीत, बायनाच्या बाळंतपणात शेक-शेगडी सांगत बसत. पासोबाशी बोलत, त्याचा खोकला ऐकून ओवा चावायला सांगत. फक्त "दिवस हाय का?" एवढं त्याला पुन्हा विचारलं नाही.

पासोबानं चावडीची बैठक सोडली. रोज दुपारी दुकान टाकून तो घरी येई आणि पाटापासून दोन हातांवर उभा राही. म्हणे, "ऊन हाय, माय." राजुलबाई उत्तर देत नसत. पदराखालून उजवा हात काढत, तळवा वर करत आणि थांबत. तळव्याला ऊब लागली की ताट पुढं ओढत. तो आधी बोले, त्या मग हात काढीत. नऊ वर्षांत हा क्रम मोडला नाही.

पावसाळ्यात कठीण जाई. आभाळ धरलं की उपास. एका श्रावणात सलग चार दिवस सूर्य दिसला नाही. पाचव्या दिवशी पाटाशी ताट मांडून ठेवलं होतं, राजुलबाई डोकं उघडं टाकून बसल्या होत्या, आणि अंगणातलं पाणी नुकतंच ओसरलं होतं. ढग फाटला. फिकट, पाण्यात धुतल्यासारखं ऊन अंगणात पडलं. त्यांच्या पांढऱ्या केसांवर पडलं, ताटातल्या भाकरीवर पडलं.

"माय!" पासोबा ओरडलाच. त्याचेही केस तोवर पिकायला लागले होते. "ऊन हाय! माय, ऊन पडलंय!"

राजुलबाईंनी हात काढला. तळवा वर केला. उन्हात जोर नव्हता, आणि चार दिवसांच्या उपासानं हात गारठलेला होता. तळव्याला काही लागेना. परसातल्या भिंतीवरून शिवम्मा बघत होती, तिनं पण तोंड उघडलं आणि मिटलं.

"माय, देवाशपथ. तुझ्या हातावर हाय. बघ, बोटांची सावली पडलीय पाटावर." तो गुडघ्यावर बसला होता, चिखलातच. त्यांच्या हाताखाली आपला हात धरून जणू ते ऊन झेलत होता.

राजुलबाईंनी आणखी थोडा वेळ हात तसाच धरला. मग बोटं मिटली, हात पदराखाली घेतला आणि दुसऱ्या हातानं चाचपून ताटावर झाकण घातलं.

"ने गं, बायना," त्या म्हणाल्या. "गाईला घाल."

ऊन अजून अंगणात होतं.